एकच तोंड, चार हरणं

अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात शिरलं की बहुतेकांचे पाय आपसूक पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राकडे वळतात. वळू द्यात. पण तिथे पोचण्याआधी मंडपातल्या खांबांकडे मान वर करून एक चक्कर मारा. एका खांबाच्या माथ्यावर हरणं कोरलेली आहेत. धडं चार, चारही वेगवेगळ्या बाजूंची. आणि तोंड? तोंड एकच!

आता एका धडावर नजर ठेवा. ते तोंड त्याच हरणाचं आहे, यात शंका उरत नाही. मान बरोबर त्याच्याच खांद्यांतून निघालेली दिसते. नजर दुसऱ्या धडावर न्या. तेच तोंड आता याचं झालं. तिसऱ्यावर न्या, चौथ्यावर न्या. दरवेळी पुरतं, सगळ्या अवयवांनिशी हरीण समोर हजर. मग मला सांगा, ही चार हरणं आहेत कुठे? खडकात तर नाहीत. खडकात चार धडं आणि एक तोंड एवढाच ऐवज आहे. उरलेली तीन तोंडं कुणी आणली? तुम्ही आणली. कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला कळलंही नाही, तरी आणली.

हा खांब म्हणजे मला अजिंठ्यातला सगळ्यात धाडसी विचार वाटतो. पाचव्या शतकातल्या कुणा पाथरवटाला पक्कं ठाऊक होतं की बघणाऱ्याचं मन कोरीवकामाला हात लावणारच. त्याने त्या हाताला चक्क जागा सोडून ठेवली.

बाहेरचं जग हे माणसाच्या आतल्या जाणिवेचं प्रतिबिंब असतं का? ‘जशी दृष्टी तशी सृष्टी’ असं आपण उठता-बसता म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण थांबून विचारलं तर हा प्रश्न भलताच अवघड आहे. माझं आश्चर्य असं, की या प्रश्नावर माणसाने केलेला फार मोठा विचार आपल्या संभाजीनगर जिल्ह्याच्या दगडांत, भिंतींवर आणि ओव्यांत मुरलेला आहे. आज डोळ्याचे आणि मेंदूचे अभ्यासक जे सांगतात ते ऐकून पुन्हा त्या भिंतींसमोर उभं राहिलं, तर अंगावर काटा येतो.

हरणांच्या खांबापासून थोडं आत गर्भगृह आहे. तिथे धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली बुद्धाची मोठी मूर्ती आहे. गाईड मंडळी तिथे एक गोष्ट हमखास दाखवतात. मूर्तीच्या चेहऱ्यावर एका बाजूने उजेड टाकला की ओठांवर हसू दिसतं. दुसऱ्या बाजूने टाकला की तोच चेहरा खिन्न होतो. समोरून टाकला की ध्यानात बुडालेला, ना सुखी ना दुःखी. बघणाऱ्यांच्या तोंडून ‘अरे!’ निघतंच. पण दगड तर केसभरही हललेला नाही. हललं काय? सावली. नाकाची सावली इकडून तिकडे गेली, ओठांच्या कोपऱ्यातला काळोख जरा सरकला, आणि आपण एका निर्जीव कातळाला तीन मनःस्थिती देऊन मोकळे झालो.

सावलीवरून आकार ओळखणं ही मेंदूची फार जुनी सवय आहे, आणि तिच्यामागे एक गृहीतक आहे: उजेड वरून येतो. मेंदूतज्ज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी 1988 साली हे साध्या वर्तुळांवर दाखवून दिलं. वर उजळ आणि खाली गडद असं वर्तुळ काढलं तर ते फुगीर दिसतं. तेच उलटं धरलं की खोलगट. कागद सपाटच, शाई तीच. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरून बघा, खड्ड्याची टेकडी होते. लाखो पिढ्या सूर्याखाली काढल्यावर डोक्यात बसलेली ही खात्री आहे, ती कागदाच्या तुकड्यापुढेही मागे हटत नाही.

आता पद्मपाणीकडे चला. नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर, हनुवटीवर उजळ रंगाचे हात दिलेले आहेत. बस, तेवढ्यावर सपाट गिलाव्यातून चेहरा बाहेर येतो, गालांना गोलाई येते. चित्रकाराने आपल्याला गोलाई दिलेली नाही. गोलाई आपल्याकडे होतीच. त्याने ती कुठे वापरायची एवढं दाखवलं.

एक प्रयोग करा, वाचता वाचताच. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे वर, एकमेकांना टेकलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे एकटक बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण 15 सेंटिमीटर गेला की त्याचं टोक नाहीसं होईल. डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. ही आंधळी जागा फ्रान्सच्या एदमे मारिओत यांनी 1660 च्या दशकात शोधून काढली. जागा आंधळी आहे याचं मला तितकं नवल वाटत नाही. नवल याचं, की तिथे भोक दिसत नाही! अंगठ्याच्या जागी काय दिसतं? मागची भिंत. भिंतीचा रंग, खिडकीची चौकट, जे आजूबाजूला असेल ते. म्हणजे जन्मापासून प्रत्येक डोळ्यासमोरचा एक तुकडा आपण स्वतः रंगवत आलो आहोत आणि आजवर एकदाही शंका आली नाही.

दुसरा प्रयोग आरशाचा, आणि हा मला त्याहून विलक्षण वाटतो. आरशाजवळ उभे राहा. स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमची बुबुळं हलताना तुम्हाला दिसणार नाहीत. कितीही प्रयत्न करा, दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती स्पष्ट हलताना दिसतात. आपली नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते आणि त्या उडीच्या काळात मेंदू दिसणं दाबून टाकतो, नाहीतर सगळं जग सतत गरगरत राहिलं असतं. दिवसभरातले असे तुकडे जोडले तर कितीतरी वेळ आपण जागे असून बघत नसतो. आणि आपला अनुभव काय सांगतो? अखंड, स्थिर, झुळझुळीत जग! आरसा तर खोटं बोलत नाही ना? आरसा काही लपवत नाही. लपवणारा आत बसला आहे.

हा आत बसलेला नेमकं करतो काय? कवटीच्या आत मिट्ट काळोख असतो. प्रकाश तिथे पोचत नाही, आवाज पोचत नाही, मोगऱ्याचा वास पोचत नाही. पोचतात ते फक्त विजेचे बारीक ठोके. माजघरात बसलेली आजी आठवते? बाहेरच्या कडीचा आवाज, चपला काढण्याची पद्धत, दोन पावलं, एवढ्यावर ती आतूनच हाक मारते, ‘सुधा, आज लवकर आलीस गं?’ तिने सुधाला पाहिलेलं नसतं. तिच्या डोक्यात सुधा आधीच तयार असते, कडीच्या आवाजाने फक्त होकार भरतो. मेंदू जन्मभर माजघरातच बसलेला असतो. तो वाट बघत नाही, अंदाज बांधतो आणि बाहेरून येणाऱ्या ठोक्यांशी ताडून बघतो. अंदाज जुळला की तेच आपलं दिसणं. चुकला की दचकणं.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी दीडशे वर्षांपूर्वीच हे ओळखलं होतं. बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान, असं त्यांचं म्हणणं. पुढे मेंदूतल्या वाटा मोजल्या गेल्या तेव्हा आणखी एक धक्का बसला. डोळ्यांकडून येणारे संदेश मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. तुम्हाला वाटेल, त्या ठाण्यावर डोळ्यांचीच वर्दळ असणार. प्रत्यक्षात तिथल्या जोडण्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा डोळ्यांकडून आलेला असतो. बाकीच्या मेंदूच्याच इतर भागांतून येतात, आणि त्यांतला मोठा वाटा वरून खाली उतरणारा. आतून बाहेरच्या दिशेने एवढी रहदारी कशासाठी?

रंगांचं तर विचारूच नका. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आहे, पिवळी माती आहे, काजळ आहे, आणि काही ठिकाणी अफगाणिस्तानातून आणलेल्या लाजवर्दी दगडाचा गर्द निळा. शेकडो कोसांवरून, डोंगर ओलांडून आणलेला निळा! पण तो निळेपणा त्या दगडात आहे का? दगड काही लांबीच्या प्रकाशलहरी गिळतो, काही परत फेकतो, एवढंच. प्रकाशकिरणांना स्वतःचा रंग नसतो हे न्यूटनने 1704 च्या आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये एका झग्याच्या फोटोने घराघरांत भांडणं लावली होती, आठवतं? एकाला तो निळा-काळा दिसे, शेजारच्याला पांढरा-सोनेरी, आणि दोघेही शपथेवर सांगत. झगा खरोखर निळा-काळा होता. पण फोटोत उजेड कसला आहे याचा पत्ता नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपल्या सवयीचा उजेड गृहीत धरला. पुढे पास्कल वॉलिश या संशोधकाने हजारो लोकांना विचारून एक दुवा दाखवला: सकाळी लवकर उठणाऱ्यांत, म्हणजे दिवसाउजेडात जास्त वावरणाऱ्यांत, पांढरा-सोनेरी दिसण्याचं प्रमाण थोडं अधिक होतं. कुणी किती वाजता उठतो यावर झग्याचा रंग!

आता मी तुम्हाला त्या माणसांकडे नेतो, ज्यांच्याकडे यातलं एकही यंत्र नव्हतं.

सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, एक चिनी भिक्खू महाराष्ट्रात आला. ह्युएन त्संग. त्याने लिहून ठेवलं आहे की या देशाच्या पूर्व सीमेला डोंगररांगांत, खोल दरीत एक विहार आहे. भिंतींवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत. तो विहार आचार नावाच्या अर्हताने बांधला, असंही तो सांगतो. वाघूर नदीच्या वळणावर उभं राहून 16 नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांकडे बघा, दोन्ही बाजूंचे हत्ती अजून आहेत. 26 नंबरच्या लेण्यातल्या बुद्धभद्र भिक्खूच्या शिलालेखात स्थविर अचलाचं, म्हणजे बहुधा त्याच आचाराचं, नाव अजून वाचता येतं. ह्युएन त्संग स्वतः इथे आला की त्याने ऐकून लिहिलं, हा वाद आहे. पण वर्णन अजिंठ्याचं, हे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि याच वर्णनात तो जाता जाता एक वाक्य टाकतो: पूर्वी दिङ्नाग या विहारात पुष्कळदा राहत असे.

दिङ्नाग! भारतीय तर्कशास्त्राला ज्याने नवं वळण दिलं तो. त्याचा काळ साधारण पाचव्या शतकाचा शेवट ते सहाव्याचा पूर्वार्ध. म्हणजे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात कोरलेली ही लेणी तेव्हा नवीकोरी होती, चित्रांचे रंग ताजे होते. दिङ्नागाने ‘आलंबनपरीक्षा’ नावाचा एक चिमुकला ग्रंथ लिहिला. जेमतेम आठ श्लोक. प्रश्न एकच: मी घडा बघतो तेव्हा माझ्या बघण्याचा विषय नेमका काय असतो? बाहेरचे अणू म्हणावेत, तर एकही अणू घड्यासारखा दिसत नाही. अणूंचा समूह म्हणावा, तर समूह नावाची वेगळी वस्तू नसते, आणि जी वस्तूच नाही ती मला काय दाखवणार? मग उरतं काय? जाणिवेच्या आत उमटलेला घड्याचा आकार. दिङ्नागाच्या मते आपण बघतो ते हेच. जिथे चार धडांना एक तोंड पुरत होतं, तिथे राहिलेल्याने हे लिहावं यात मला तरी काही परकं वाटत नाही. त्याने तो खांब बघितला होता का, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

दिङ्नागाच्या आधीचा वसुबंधू तर याहून धीट. आजच्या पेशावरचा हा पंडित, त्याचा ‘विंशतिका’ हा वीस-बावीस श्लोकांचा ग्रंथ, आणि त्यातला दावा असा: जे दिसतं ते सगळं जाणीवच आहे. याची संस्कृत पोथी कित्येक शतकं विस्मरणात होती. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांना ती नेपाळात मिळाली आणि 1925 साली पॅरिसमध्ये छापली गेली. तोवर ती चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून जगत होती, आणि त्यातलं एक चिनी भाषांतर कुणाचं असावं? ह्युएन त्संगचं! इसवी सन 661 चं.

मला वसुबंधूचं कौतुक याचं वाटतं की तो विरोधकाला पहिल्यांदा बोलू देतो. विरोधकाचे प्रश्न आजही कुणी शहाणा माणूस विचारेल तसेच आहेत. बाहेर काहीच नसेल तर अजिंठ्याचा डोंगर अजिंठ्यालाच का दिसतो, संभाजीनगरच्या गुलमंडीवर का नाही? मी जातो तेव्हाच का दिसतो, वाटेल तेव्हा का नाही? मला एकट्यालाच न दिसता बसमधल्या सगळ्यांना का दिसतो? आणि स्वप्नातल्या भाकरीने पोट भरत नाही, खऱ्या भाकरीने भरतं, हे कसं? (डोंगर, बस आणि गुलमंडी माझी, प्रश्न त्याचे.)

उत्तरं ऐका. जागा आणि वेळ तर स्वप्नातही ठरलेली असते. स्वप्नातली विहीरही स्वप्नातल्या मळ्यातच दिसते, भलतीकडे नाही. सगळ्यांना एकच गोष्ट दिसते म्हणून ती बाहेर आहे असंही नाही. आपण पाण्याची नदी बघतो तिथे प्रेतयोनीतल्या सगळ्यांना मिळून पुवाची नदी दिसते, कारण त्यांची कर्मं सारखी. आणि परिणाम? वसुबंधू स्वप्नातल्या वासनेचा दाखला देतो, आपण भीतीचा घेऊ. वाईट स्वप्नातून दचकून जागे होतो तेव्हा वाघ खोटा असतो, पण छातीची धडधड खरी असते. विरोधक शेवटचा बाण सोडतो: स्वप्न खोटं असतं हे तर सगळ्यांना कळतं! वसुबंधू म्हणतो, कळतं खरं, पण जाग आल्यावर. स्वप्नात असताना कुणाला कळलं आहे?

तो बाहेरचं जग पार नाकारतो की फक्त एवढंच म्हणतो की आपला हात जाणिवेपलीकडे पोचत नाही, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण एक गोष्ट तो स्पष्ट सांगतो, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. जगात मनं अनेक आहेत आणि ती एकमेकांवर परिणाम करतात. माझं जग माझ्या एकट्याच्या लहरीने चालत नाही.

याचा पुरावा 17 नंबरच्या लेण्याच्या ओसरीत आहे. डाव्या टोकाच्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचं चित्र होतं, आज त्याचा तुकडाच उरला आहे. 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, त्यानंतर साहेब लोक येऊ लागले. त्यांनी ते चक्र बघितलं. गोल, आत खण, खणांत माणसं आणि प्राणी. त्यांना काय दिसलं असेल? राशिचक्र! इतकं निःशंकपणे दिसलं की 17 नंबरला ‘राशिचक्राचं लेणं’ हेच नाव पडलं. दार्जिलिंगकडे काम केलेल्या वॅडेल नावाच्या डॉक्टरने तिबेटी लामांकडची चित्रं पाहिली होती, 1890 च्या दशकात त्याने ताडून सांगितलं की हे बौद्धांचं भवचक्र आहे; तृष्णा, अज्ञान, जन्म, मरण यांच्या फेऱ्याचं चित्र. गिलावा तोच, रंग तेच. बघणाऱ्यांच्या डोक्यात राशी होत्या तोवर राशी दिसल्या. आणि ज्या चित्राचा विषय मनुष्य आपल्याच अज्ञानापायी जगाकडे कसा चुकीचं बघतो हा, त्याच चित्राकडे माणसं अनेक वर्षं चुकीचं बघत राहिली. यापुढे मी तरी हात जोडतो.

पण वॅडेलचं म्हणणं टिकलं, राशींचं टिकलं नाही. का? कारण भिंतीवर काहीतरी होतं. त्याने ‘राशी’ या अंदाजाला नकार दिला आणि ‘भवचक्र’ या अंदाजाला होकार. जग आरसा आहे असं म्हणायचं असेल तर असा आरसा म्हणावा लागेल, जो अधूनमधून ठणकावून ‘नाही’ म्हणतो.

आता पैठणकडे वळू. जवळच्या आपेगावात, परंपरेप्रमाणे, ज्ञानेश्वरांचं मूळ घर. योगसामर्थ्यासाठी गाजलेल्या चांगदेवांनी त्यांना पत्र पाठवायचं ठरवलं. मायना काय लिहावा कळेना, म्हणून कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी 65 ओव्या लिहिल्या, ती ‘चांगदेव पासष्टी’. त्या ओव्यांत आरसा येतो, आणि त्याचं जे होतं ते बघून मी दर वेळी थक्क होतो. आरशात बघितलं म्हणून तोंड निर्माण होत नाही; आरसा नव्हता तेव्हाही तोंड तोंडच होतं. बघणारा आणि दिसणारं ही दोन नाहीतच, एकच चैतन्य जग होऊन स्वतःला सामोरं येतं. ‘अमृतानुभवा’त ते आणखी पुढे जातात. जग हा अज्ञानाने झालेला भास आहे, या मताचा त्यांनी सातव्या प्रकरणात शेकडो ओव्या घालून समाचार घेतला आहे. जग स्वप्नवत म्हणून बाजूला सारू नका, तो चैतन्याचाच विलास आहे. वसुबंधू सगळं जाणीवच आहे म्हणून स्वप्नाकडे बोट दाखवतो. ज्ञानेश्वर सगळं जाणीवच आहे म्हणून जगाकडे बोट दाखवतात! गोदाकाठच्या तरुणाने हा सांधा असा फिरवला.

आतून बाहेर जाणारी वाट बघायची असेल तर वेरूळच्या कैलासासमोर उभे राहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेला आहे. पहिला घाव शिखरावर, शेवटचा पायाशी. सुमारे 30 मीटर उंचीचं ते मंदिर, अंदाजे दोन लाख टन दगड काढून टाकल्यावर उरलेलं. विचार करा, पहिली छिन्नी टेकवली तेव्हा समोर काय होतं? उतार आणि गवत. हत्ती कुठे, खांब कुठे, पूल कुठे, सगळं कुणाच्या तरी डोक्यात. चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. इथे प्रतिबिंब आधी होतं आणि वस्तू नंतर आली! बडोद्याला सापडलेल्या, 812-13 सालच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात या मंदिराबद्दल म्हटलं आहे की ते बघून विमानातून जाणारे देव चकित झाले, आणि ज्याने ते घडवलं तो कलावंत स्वतःच विस्मयाने म्हणू लागला, हे मी केलं तरी कसं? आतलं बाहेर उतरलं आणि मग आतल्यालाच ओळखू येईना.

पण तो नुसतं मनात धरून बसला असता तर तिथे आजही डोंगरच असता. बेसाल्टचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कुणाच्या इच्छेने वितळत नाही. शिरा कुठे, भेग कुठे, हे त्याला विचारत विचारतच कैलास उतरला.

म्हणून आजकाल जे सर्रास सांगितलं जातं, की तुमच्या मनात जे असेल तेच विश्व तुम्हाला परत देतं, त्याला माझा ठाम विरोध आहे. मराठवाड्यात हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. 1972 चा दुष्काळ कुणाच्या मनातल्या कोरडेपणाचं प्रतिबिंब नव्हता. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, ते लातूरकरांचे विचार नकारात्मक होते म्हणून नव्हे. पाऊस पडला नव्हता. संकटात सापडलेल्याला ‘हे तुझ्याच आतलं बाहेर आलं’ असं सांगणं हे अध्यात्मही नाही आणि विज्ञानही नाही, ते क्रौर्य आहे. अनेक मनं मानणाऱ्या वसुबंधूच्या नावावरही ते खपवता येणार नाही.

मन जग रंगवतं, हे मात्र शब्दशः खरं आहे. जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधकांनी 2010 मध्ये तीव्र नैराश्याचे 40 रुग्ण आणि 40 निरोगी माणसं घेऊन डोळ्याच्या पडद्याचे विद्युत-संकेत मोजले. काळ्या-पांढऱ्यातला फरक टिपण्याची पडद्याची ताकद नैराश्यात कमी झालेली आढळली. मेंदूत जाण्याआधी, डोळ्यातच! आजार ओसरल्यावर ती पुन्हा सुधारते, असंही त्यांना पुढे दिसलं. ‘सगळं करडं झालंय’ असं कुणी म्हणालं तर त्याला जगाकडे नीट बघायचा उपदेश करू नका. त्याला तसं दिसत असू शकतं. डॉक्टरकडे सोबत जा.

आणि लेण्यांत जाल तेव्हा एकट्याने जाऊ नका. 17 नंबरच्या ओसरीत कुणाला तरी शेजारी उभं करा, फलक वाचू देऊ नका, काही सांगू नका, फक्त विचारा: तुला काय दिसतंय? आपल्याला जे दिसतं त्याहून वेगळं उत्तर आलं तर लगेच दुरुस्त करू नका, थोडं ऐका. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं लक्षात ठेवून निघा.